एकेचाळिसावा फोटो

धाकटा गेला तेव्हा घरातले त्याचे फोटो भिंतीवरून उतरवायचं काम ओबेडने केलं. ते त्याचंच काम होतं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्सडे बेटावर आणि आजूबाजूच्या बेटांवर मयताला हात लावायचा तो सोयऱ्याने. बातमी आणायची त्याने, खड्डा खणायचा त्याने, कपडे, चपला, फोटो बांधून दृष्टीआड करायचे तेही त्यानेच. अशा सोयऱ्याला तिथे मारिगेथ म्हणतात. रक्ताच्या माणसांनी बसायचं आणि रडायचं, बस्स. वर्ष-दोन वर्षांनी थडग्याचा झाकून ठेवलेला दगड उघडतात, मेजवानी होते, मग फोटो भिंतीवर परत येतात आणि माणसाचं नाव लोकांच्या तोंडात परत येतं. धाकट्याचा दगड अजून उघडलेला नाही, म्हणून त्याचं नाव या गोष्टीतही नाही.

ओबेड हा धाकट्याच्या बहिणीचा, केझायाचा, नवरा. दोन वर्षं तो समोरच्या हॅमंड बेटावर आपल्या भावाकडे राहत होता आणि बुड्या मारून शेवंडं धरत होता. त्यांचं भांडण असं झालंच नव्हतं. समोरच्याने आधी बोलावं म्हणून दोघंही थांबले, आणि थांबता थांबता दोन वर्षं गेली. पण जानेवारीत धाकट्याची होडी रिकामी वाहत आली, आणि तीन दिवसांनी तो खारफुटीत सापडला, तेव्हा बातमी घेऊन ओबेडच आला. केझायाच्या कचेरीच्या दारात त्याने टोपी काढली आणि आत पाऊल टाकलं नाही. तेवढ्यावरून तिला कळलं. ही बातमी ह्याच माणसाच्या तोंडून ऐकावी लागली, याचा राग तिच्या मनातून पुढे बरेच दिवस गेला नाही.

पुरल्यानंतर ओबेडने घरातल्या चौकटी मांजरपाटात गुंडाळल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, आणि निघताना उंबऱ्याशी थांबून विचारलं, "आणि संगणकातले?"

"ते माझं मी बघेन," केझाया म्हणाली. "ते तुझ्या होडीचं इंजिन नाही, ओबेड."

"मी विचारलं फक्त," असं म्हणून तो पेटी खांद्यावर घेऊन गेला.

केझाया बेटांचं चित्रघर सांभाळत असे. पोस्टाच्या मागे, पत्र्याच्या छताखाली दोन खोल्या. मोतीवाल्यांच्या गलबतांपासून गेल्या महिन्यातल्या लग्नांपर्यंत साडेअकरा हजार फोटो तिथल्या सर्व्हरवर होते. खाऱ्या हवेने यंत्रं फार टिकत नाहीत, म्हणून सात वर्षांपूर्वी केर्न्स शहरात दुसरा सर्व्हर घेतला होता. इकडचे फोटो आपोआप तिकडे जावेत यासाठी केझायाने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. दर तासाला, सतरा मिनिटं झाली की, तो इकडची यादी करायचा, तिकडची यादी करायचा, आणि तिकडे जे नसेल ते पाठवून द्यायचा. पूर्ण तासाला जगातले सगळेच प्रोग्रॅम जागे होतात आणि वाट तुंबते, म्हणून सतरा. तो कधी काही पुसत नसे. सुरुवातीला पुसायचा, पण एकदा चुकून इकडचे तेराशे फोटो पुसले गेले आणि पुढच्या तासाला त्याने इमानेइतबारे तिकडचेही पुसले. त्या दिवशी केझायाने त्याची पुसायची ओळ कायमची काढून टाकली. इकडे हरवलं तरी तिकडे हरवू नये, एवढंच तिला हवं होतं.

केर्न्सच्या सर्व्हरवरचे फोटो चित्रघराच्या संकेतस्थळावर आळीपाळीने दिसत. बेटावरची म्हातारी माणसं मांडीवर टॅब घेऊन दिवसभर ते बघत बसायची. केझायाची आईही. आईला सगळे अमा म्हणत.

मयतानंतरच्या सोमवारी केझायाने केर्न्सच्या सर्व्हरवरून धाकट्याचे फोटो पुसले. एकेचाळीस होते. दहा सतराला एकेचाळीसच्या एकेचाळीस परत आले. तिला स्वतःचं हसू आलं. तिकडे नसलेलं पाठवायचं, हे तिनेच तर त्याला शिकवलं होतं. मग तिने ते आधी इकडून काढले आणि मग तिकडून. अकरा सतराला चाळीस गेलेले होते. एक परत आला होता.

तो फोटो तिनेच तीन वर्षांपूर्वी काढलेला. जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवर धाकटा उभा आहे, एक हात कठड्यावर, डोळे उन्हाने बारीक. लवकर काढ ताई, चपला नव्या आहेत, असं तो म्हणाला होता.

तिने तो पुसला. तासाने तो आला. इकडच्या सर्व्हरवर तो कुठेच नव्हता, तिने प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. तरी नोंदीत स्वच्छ लिहिलेलं, एक फोटो पाठवला. तिने प्रोग्रॅम बंद केला. तासाने फोटो आला. तिसऱ्या दिवशी तिने इकडचं यंत्रच बंद केलं, भिंतीतून प्लग काढला आणि केर्न्सच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा तरुण सभ्य होता. त्याने तिला थांबवून ठेवलं, स्वतःच्या पडद्यावर बघितलं, आणि तासावर सतरा मिनिटं झाली तेव्हा म्हणाला की आत्ताच एक फोटो आला, आणि तो तुमच्याच यंत्राकडून आला, बाई. केझायाने आभार मानले. प्लग तिच्या हातातच होता.

ती जेम्स कुक विद्यापीठात सागरविज्ञान शिकलेली. अशा वेळी काय करायचं ते तिला शिकवलेलं होतं. मोजायचं. प्रत्येक फाइलच्या सगळ्या आकड्यांवरून एक लांब खूण काढता येते, बोटाच्या ठशासारखी; दोन प्रतींच्या खुणा जुळल्या तर त्या एकच. आलेल्या प्रती ती पुसण्याआधी पेन ड्राइव्हवर ठेवू लागली आणि त्यांच्या खुणा काढू लागली. एकीची खूण दुसरीशी जुळेना. डोळ्यांना मात्र सगळे फोटो सारखेच दिसत होते.

मग तिने नऊ सतराच्या फोटोतून दहा सतराचा वजा केला. दोन सारख्या चित्रांची वजाबाकी म्हणजे निव्वळ काळा पडदा. तसाच आला. फक्त मध्यावर, पायऱ्यांवरून आडवा गेलेला, एक करडा पट्टा उरला.

पाण्याची रेघ होती ती.

ती टेप घेऊन धक्क्यावर गेली आणि पायरीची उंची मोजून आली. त्या मापाने फोटोतलं पाणी तासाभरात एकतीस सेंटिमीटर चढलं होतं. भरती-ओहोटीच्या कोष्टकात त्या दिवशी त्या तासाला बंदरातलं पाणी एकतीस सेंटिमीटरच चढलेलं. तिने अकरा प्रती घेऊन आलेख काढला. अकराही ठिपके कोष्टकाच्या रेषेवर बसले. इतका स्वच्छ आलेख तिला विद्यापीठात कधी जमला नव्हता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग उठून खिडकी लावली, कारण बाहेरून धक्क्यावरच्या पाण्याचा आवाज येत होता.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरी गेल्यावर अमा म्हणाली, "आज त्याच्या घोट्याला लागलं पाणी."

टॅब मांडीवर होता. समोरचा चहा सायीसकट गार झालेला. अमा आठ-दहा दिवस नीट जेवली नव्हती. विचारलं की म्हणायची, तो वर आला की एकत्र बसू. ती रडत नव्हती, बडबडत नव्हती. तिचा आवाज नेहमीसारखा शांत होता, आणि केझायाला त्याचीच जास्त भीती वाटायची. मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत जात होती.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, केझायाने संकेतस्थळच बंद केलं. टॅबवर पांढरं पान आलं. अमाने ते थोडा वेळ पाहिलं, टॅब उपडा करून बाजूला ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मांडीपर्यंत आलंय गं. शनिवारी उधाण आहे ना?"

"अमा, फोटो बंद केलेत मी."

"हो, दिसलं मला. तू केलंस ते बरोबरच आहे." तिने केझायाच्या हातावर थोपटलं. "पण शनिवारी पाणी त्याच्या डोक्यावरून जाणार. त्याच्या आधी मी जाऊन त्याचा हात धरते. लहानपणीसुद्धा हात धरल्याशिवाय तो ती पायरी उतरत नव्हता."

कोष्टकात शनिवारची भरती बारा दहाला होती, वर्षातली सगळ्यात मोठी. केझायाने पेन्सिलने हिशेब केला, पुन्हा केला. बारा सतराच्या फोटोत पाणी धाकट्याच्या डोक्यावर वीतभर असणार होतं.

शुक्रवारी मावशी मेरेना आली. अमाची धाकटी बहीण, जाडजूड, तोंडाची फटकळ. हातात सोपसोपचं पातेलं, नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा आणि कंद. अमाने पातेल्याकडे पाहिलंही नाही. मावशीने केझायाला मागच्या पायरीवर नेऊन बसवलं आणि काय चाललंय ते विचारलं. केझायाने पहिल्यांदाच सगळं सांगितलं, प्लगसकट, आलेखासकट. मावशीला आलेखाशी देणंघेणं नव्हतं. तिने एकच विचारलं, ते फोटो दृष्टीआड कुणी केले?

"मी."

"तू?"

"मग कोण ठेवणार? ते काम मलाच येतं."

"एवढं शिकलीस," मावशी म्हणाली, "आणि भावाचं गाठोडं स्वतःच्या हाताने बांधलंस. रक्ताच्या हाताची गाठ बसत नाही, पोरी. हात ती बांधतो आणि मागच्या मागे सोडतो. म्हणून तर आपल्यात सोयरा लागतो." मग जरा थांबून, "तुझा मारिगेथ आहे ना अजून? का त्यालाही पुसलंस कुठून?"

केझायाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. मावशीने पदरासारखा आपला मोठा झगा पुढे केला आणि तिला त्यात नाक पुसू दिलं.

दोन वर्षांत तिने ओबेडचा नंबर लावला नव्हता, पण बोटांना तो पाठ होता. पलीकडून इंजिनाचा आवाज आला, मग तो बंद झाला.

"ओबेड."

"हं."

"संगणकातले."

पलीकडे होडीच्या फळीवर पाणी आपटत होतं. त्याने टोमणा मारला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"किती वाजता येऊ?" त्याने विचारलं.

शनिवारी तो पावणेअकराला आला. खाडीत कुकीच्या, पावसाळी वायव्य वाऱ्याच्या, लाटा होत्या, तो नखशिखान्त भिजलेला. त्याने बाहेरच्या नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि काखेतून पत्र्याची पेटी काढून टेबलाशेजारी ठेवली. चौकटींची तीच पेटी. केझायाने इकडचं यंत्र सुरू केलं, फोटो असलेला कप्पा पडद्यावर उघडण्याआधीच खुर्ची सोडली, आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रक्ताच्या माणसाने बघायचं नसतं. समोर गेल्या वर्षीची दिनदर्शिका होती, तिच्यावर कासवाचं चित्र.

"काय दाबू?" ओबेडने मागून विचारलं.

ती एकेक अक्षर सांगत गेली. तो दोन बोटांनी शोधून शोधून दाबत होता.

"डी कुठे लपलाय?"

"एसच्या शेजारी."

"एसला कोण ओळखतं इथे."

पुढची अक्षरं तिने सांगितली. मग म्हणाली की आता फोटो दिसेल, नीट बघ, तोच आहे ना, आणि मग लाल खुणेवर दाब. मागे काहीच आवाज आला नाही. ना कळीचा, ना खुर्चीचा. तिला वाटलं तो उठून गेला.

"ओबेड?"

"तोच आहे," तो म्हणाला. कळ दाबल्याचं ऐकू आलं.

अकरा सतराची वाट बघत दोघं तसेच राहिले, तो पडद्याकडे आणि ती कासवाकडे. मधे फोन वाजला. मावशी होती. अमा धक्क्यावर गेली, तिने सांगितलं. मी आणि शेजारीण, दोघींनी दंड धरून ठेवलेत पण ती ऐकत नाही, वरून तिसऱ्या पायरीवर बसली आहे, पावलं पाण्यात. भांडत नाही, हिसका देत नाही, नुसती खाली खाली सरकते. मावशीचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला होता.

केझाया दाराकडे निघाली.

"तू जा म्हणालीस तर मीच धावतो," ओबेड म्हणाला, "तिला उचलून आणतो. पण उद्या काय? परवा काय? किती दिवस धरून ठेवशील तिला?"

ती थांबली. सतरा मिनिटं झाली. ओबेडने पडद्यावरची ओळ अडखळत वाचली.

"एक फोटो पाठवला."

म्हणजे हेही नाही. म्हणजे मावशीचं बोलणं म्हणजे नुसतं म्हाताऱ्यांचं बोलणं.

ओबेडने खुर्ची फिरवली. "अजून कुठे आहे का हा?"

"नाही."

"केझाया."

दोन वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. तिचा हात झग्याच्या खिशात होता. पेन ड्राइव्ह मुठीत होता, सकाळपासून तिथेच होता.

"तो पुरावा आहे," ती म्हणाली. "त्रेसष्ट प्रती. प्रत्येकीची वेळ, प्रत्येकीची पातळी. असं कधी कुणी मोजलेलं नाही. ते गेलं की मला कुणाला काही दाखवता येणार नाही, मला स्वतःलासुद्धा."

पाणी चढत असतानाही ओबेडला घाई नव्हती. बुड्या मारणाऱ्या माणसाला श्वास धरता येतो. तो वाट बघत राहिला, आणि केझायाला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि ते खोटं वाटलं. आलेख तर अकरा प्रतींतच पुरा झाला होता. बाकीच्या बावन्न कशाला ठेवल्या? दर तासाला, सतरा मिनिटं व्हायच्या आधी, ती हातातलं काम सोडून पडद्यासमोर येऊन बसत होती. पंधरा झाले, सोळा झाले. केस नीट करत होती. आधी फोटो उघडायची, कितीतरी वेळ बघायची, मग कर्तव्य म्हणून पुसायची. आपण त्याला घालवतोय असं ती स्वतःला सांगत होती, आणि दर तासाला त्याच्यासाठी दार उघडून ठेवत होती.

अमा धक्क्यावर बसली होती. ती इथे बसली होती. तेवढाच काय तो फरक.

"मी त्याची वाट बघत होते," ती भिंतीला म्हणाली.

"हो," ओबेड म्हणाला. त्यात दोष नव्हता.

तिने मागे न वळता हात मागे केला. त्याने तिच्या बोटांना न शिवता पेन ड्राइव्ह काढून घेतला. मांजरपाट फाटल्याचा लांब आवाज आला, मग गाठीचा करकरीत आवाज, मग पेटीचं झाकण. मग त्याने कुणाला न विचारता, एक एक कळ शोधत, फोटो पुन्हा पुसला. या वेळी त्याला डी सापडला.

बारा वाजले. बारा दहा झाले. खिडकी बंद असूनही धक्क्याखाली पाणी कोंडून आपटत असल्याचा आवाज खोलीत येत होता, आणि मधेच, बारा बाराच्या सुमाराला, तो थांबला. भरती पुरी झाली की पाणी घडीभर असं उभं राहतं. केझायाला ते माहीत होतं. कासवाच्या डोळ्यावर नजर ठेवून ती उभी राहिली आणि धाकट्याचा चेहरा आठवू नये म्हणून भरतीच्या पाण्याचे आकडे मनात म्हणू लागली.

बारा सतरा. अठरा झाले.

"वाच ना."

"शून्य," तो म्हणाला. "शून्य फोटो पाठवले."

फोन वाजला. मावशी धापा टाकत होती, हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. आत्ता कंबरभर पाण्यात होतो आम्ही तिघी, ती म्हणाली. माझी पकड सुटत आली होती. आणि ही बाई एकदम थांबली, इकडेतिकडे पाहिलं, झोपेतून उठल्यासारखं, आणि मला म्हणते, मेरेना, तू एवढी भिजलीस कशी? आपलीआपण पायऱ्या चढून वर गेली. आता भूक लागली म्हणते.

दुपारी घरी अमाने सोपसोपची दुसरी वाटी मागून घेतली. ती धाकट्याबद्दल बोलली नाही. जेवता जेवता एकदा तिचा घास थांबला, डोळे भरले, आणि ती रडू लागली, मयत झाल्यापासून पहिल्यांदा, साधं, मोठ्याने, आई रडते तसं. मावशीने केझायाला खुणावलं की रडू दे.

ओबेड घरात आला नव्हता. तो मागच्या पायरीवर पेटी शेजारी ठेवून बसला होता. केझायाने त्याला चहा नेऊन दिला आणि आत न जाता तीही तिथेच बसली, पेटीच्या पलीकडे. पाणी ओसरत होतं. समुद्र मागे गेला की येतो तसा चिखलाचा वास सुटला होता. दगड उघडायच्या दिवशी आपणच फोटो परत आणू, तो म्हणाला. चौकटी आणू, ते चाळीसही. ते चाळीस आता कुठेच उरलेले नाहीत, हे त्याला सांगायचं तिच्या जिवावर आलं.

"तो एक मात्र नाही आणणार," तो पुढे म्हणाला.

शास्त्र शिकलेल्या माणसाला न विचारता राहवत नाही. तिने विचारलं, "पाणी कुठवर होतं रे?"

"कोणत्या वेळी?"

"दोन्ही वेळी."

"पहिल्या वेळी छातीशी. दुसऱ्या वेळी हनुवटीला." त्याने कप खाली ठेवला. "मी पाणी नाही बघितलं फार. तो कुठे उभा होता ते बघत होतो. तुझ्या फोटोत तो पायरीच्या मधोमध उभा होता ना? मला आठवतो तो फोटो, आपल्या घरात होता."

"मधोमध. एक हात कठड्यावर."

"आज तो कठड्याला चिकटून होता. अंग चोरून. आपण कुणाला शेजारी बसायला जागा करून देतो ना, तसा."

केझायाच्या वजाबाकीत ते दिसलं नव्हतं. तिने पाण्याची रेघ मोजली होती, दर तासाला, मिलिमीटरपर्यंत; माणूस हललाय का हे बघायचं तिच्या मनातच आलं नाही. त्रेसष्ट प्रती शेजारच्या पेटीत मांजरपाटात होत्या. एक गाठ सोडली की कळलं असतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

आत अमाचं रडणं थांबलं होतं, भांड्यांचा आवाज येत होता.

"अमासाठी," ती शेवटी म्हणाली. "अमासाठी केली असेल जागा."

ओबेडने समोरच्या उघड्या पडलेल्या चिखलाकडे पाहिलं.

"जागा मोठी होती," तो म्हणाला. "दोघी बसतील एवढी."

मग तो उठला, पेटी खांद्यावर घेतली. होडीपर्यंत केझाया त्याच्याबरोबर गेली. जुन्या धक्क्याच्या पायऱ्या वाटेतच होत्या, वरपासून खालपर्यंत ओल्या. दोघं त्यांच्याकडे न बघता, वरच्या वाटेने, लांबून गेले.